बाबांच्या जनताचं डायल नवं करायचंय, त्यावर 'एच एम टी' छापू की कोरंच ठेवू?

सातारीचहा

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच काही विचारतोय, लांबलं तर सांभाळून घ्या. बाबांचं एचएमटी जनता घड्याळ आहे. नोकरी लागल्यावर घेतलेलं, बाबा म्हणतात १९७९ ला, आई म्हणते ८० लाच कारण तेव्हा लग्न ठरलं होतं आणि पाहुण्यांसमोर ते सारखी बाही वर करत होते. गेली दहाबारा वर्षं कपाटात पडून होतं. परवा सहज चावी दिली तर चालू झालं की राव, आणि दिवसाला मिनिटभर पुढे जातंय, एवढंच.

पण डायलची पार वाट लागलीय. कधीतरी पावसात पाणी आत गेलं असणार, चार ते सातच्या मध्ये तपकिरी डाग आलेत, आणि बाराच्या खाली देवनागरीत जे 'एच एम टी' आणि 'जनता' होतं त्यातलं वरचं जवळजवळ उडालंय, खालचं 'जन' शाबूत आहे आणि 'ता' गायब.

आमच्याकडे एका दुकानात दाखवलं. तो म्हणाला डायल रिप्रिंट करून मिळेल, एकदम नवं कोरं. आणि मग विचारतो, "नाव काय टाकायचं?" मी म्हटलं म्हणजे? तर म्हणे, "एचएमटी टाकू, का कोरं ठेवू, का वडलांचं नाव टाकू, सेको पाहिजे तर सेको पण टाकून देतो." तिथे हसलो पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच. मुळात घड्याळाच्या तोंडावर कंपनीचं नाव लागतंच कशाला? वेळ काट्यांवरून कळते. चष्म्याच्या काचेवर कुणी कंपनीचं नाव छापत नाही, शर्टाचं लेबल कॉलरच्या आत असतं, मग दिवसातून चाळीस वेळा ज्याच्याकडे बघायचं तिथेच यांची जाहिरात का म्हणून? माझा कल कोऱ्याकडे आहे. पांढरं डायल, आकडे, काटे, बास. पण बाबांना अजून विचारलं नाहीये, त्याआधी इथल्या जाणकारांचं मत हवंय.

काटेकोर

मोबाईलवर बघा वेळ. त्यावर पुढच्या बाजूला नावच नसतं, प्रश्न मिटला 😄

चावीवाला

थांबा थांबा थांबा. त्या दुकानदाराला अजून घड्याळ दिलं नसेल तर देऊ नका.

आधी पार्श्वभूमी सांगतो म्हणजे मी का ओरडतोय ते कळेल. एचएमटीने घड्याळं सुरू केली १९६१ ला, बंगळूरला, जपानच्या सिटिझनशी करार करून. जनता, पायलट, सोना, कोहिनूर ही सगळी त्यानंतरची. २०१६ ला सरकारने घड्याळाचा धंदा बंद करायला मंजुरी दिली आणि त्याच्या आसपास लोकांना अचानक प्रेमाचं भरतं आलं, जे घड्याळ भंगारात जात होतं त्याला भाव आला. भाव आला की काय होतं? जुनी मशीनं गोळा करायची, केसला (बाहेरच्या डबीला) पॉलिश मारायची, त्यावर नवीन छापलेलं डायल बसवायचं आणि विकायचं. अशा मालाला जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आपल्या शहराचं नाव कुठे कुठे पोचलंय बघा. जुन्या सेको फाइव्हचे (सेको ही जपानी कंपनी, फाइव्ह तिचं स्वस्त मॉडेल) तर ढीग निघतात असे.

मी स्वतः खाल्लाय हा मार. सहा वर्षांपूर्वी ऑनलाइन एक पायलट घेतलं, फोटोत झकास दिसत होतं. हातात आल्यावर भिंग लावलं तर मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत, कंपनीच्या नावाची अक्षरं टीपकागदावर शाई फुटावी तशी फुटलेली, आणि डायलचा रंग पोपटी. पायलट म्हटलं की काळं डायल हे लहान पोर पण सांगेल, पण मोह पडला. मशीन मात्र अस्सल, १७ ज्वेलचं (घर्षण कमी करायला आत बसवलेले खडे) ०२३१ नंबरचं, अजूनही छान चालतंय.

म्हणजे बघा गंमत, ज्या नावावरून आपण घड्याळ ओळखतो ते नावच सगळ्यात सोपं खोटं करता येतं. मशीन बनवायला कारखाना लागतो, नाव छापायला एक साचा आणि एक रबरी गोळा पुरतो. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडून उत्तर असं की नाव घालून रिप्रिंट केलं तर वडलांचं खरं जनता उद्या कोणीही बघून 'मुंबई स्पेशल' म्हणणार. कोरं केलं तर निदान खोटं तरी ठरणार नाही. पण सगळ्यात बरं म्हणजे हातच लावू नका.

आणि हो, चष्म्याच्या काचेवर नाव नसतं असं नाही. प्रोग्रेसिव्ह लेन्स असेल तर उजेडात तिरकी धरून बघा, बारीक खुणा कोरलेल्या असतात, त्यात कंपनीचीही असते.

सातारीचहा

@चावीवाला आत्ता बाबांचा चष्मा ट्यूबलाइटखाली धरून बघितला. आहे खरंच!! आई विचारतेय काय करतोयस.

गिरगावचापोस्त्या

लेन्सवरून आठवलं. ब्रेगे म्हणून मोठा घड्याळजी होऊन गेला पॅरिसचा, त्याच्या नावाने इतकी नकली घड्याळं निघायला लागली की १७९५ च्या सुमाराला त्याने डायलवर गुप्त सही सुरू केली. पँटोग्राफने (मोठी आकृती लहान करून कोरायचं यंत्र) इतकी बारीक कोरलेली की समोरून काही दिसायचं नाही, उजेड तिरका पडला तरच दिसणार. दोनशे वर्षांपूर्वीच त्या माणसाला कळलं होतं की ठळक नाव कुणीही लिहू शकतो.

पण मूळ प्रश्नाला माझं वेगळं म्हणणं आहे. डायलवर बनवणाऱ्याचं नाव हवंच ही रीतच तशी अलीकडची. आमच्या आजोबांकडे वेस्ट एंडचं घड्याळ होतं, सोवार प्राइमा. आजोबा रेल्वेत, आणि घरात 'वेस्ट एंड' म्हणजे काहीतरी देवघरातली वस्तू असल्यासारखं बोललं जायचं. आता ही वेस्ट एंड वॉच कंपनी म्हणजे मुंबई कलकत्त्याला घड्याळं विकणारी पेढी, माल स्वित्झर्लंडहून यायचा, त्यातली बरीच घड्याळं लाँजिनची. म्हणजे डायलवर नाव विकणाऱ्याचं, पोटात मशीन दुसऱ्याचं, आणि घेणाऱ्याला त्याचं काहीही वाटायचं नाही कारण बिघडलं तर तो पेढीवर जाणार, स्वित्झर्लंडला थोडाच जाणार. इंग्लंडातही तेच होतं, दुकानदार स्वतःचं नाव घालायचे. रोलेक्स काढणाऱ्या विल्सडॉर्फने १९०८ ला 'रोलेक्स' हे नाव काढलं तेच मुळी आखूड, कुठल्याही भाषेत म्हणता येईल असं आणि डायलवर मावेल असं. मग दुकानदारांच्या हातापाया पडत, थोडी थोडी करत ते नाव डायलवर आणलं. म्हणजे ज्याला आपण आज घड्याळाचा चेहरा म्हणतो ती दुकानदार आणि कारखानदारांची मारामारी होती, त्यात कारखानदार जिंकला.

आणि मजा म्हणजे आता उलटं झालंय. २०२१ ला पाटेक या महागड्या स्विस कंपनीच्या एका घड्याळावर टिफनी या दुकानाचं नाव आणि त्यांचा तो निळा रंग होता, लिलावात ६५ लाख डॉलर मिळाले. दुकानाचं नाव!

(जाता जाता, आमच्या चाळीत फाव्र-ल्यूबा या स्विस कंपनीला 'फेवरलुबा' म्हणायचे आणि त्यांचं सी किंग घड्याळ असेल तर माणूस स्थिरस्थावर समजायचे.)

अक्षरवेडा

मी अक्षरं आणि पॅकेजिंगचं काम करतो, घड्याळातलं फार कळत नाही, पण कोरं डायल ऐकायला जितकं छान वाटतं तितकं दिसत नाही हे सांगायला आलोय. जनताचं डायल ज्याने आखलं त्याने बाराखालचा मजकूर धरून आखलंय. तो काढला की काट्यांच्या वर एक पांढरा खड्डा उरतो आणि खालचा मजकूर तसाच ठेवला तर सगळं डायल खाली घसरल्यासारखं दिसतं. नाव काढायचं तर पूर्ण डायल नव्याने आखावं लागतं.

जे लोक खरंच नाव काढून टाकतात ते हे जाणतात. १९४७ चं हॉर्विट या डिझायनरचं घड्याळाचं डिझाइन बघा, काळं डायल आणि बाराच्या जागी एकच ठिपका, आकडे नाहीत रेघा नाहीत काही नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९६० ला ते संग्रहात घेतलं. तिथे नावाची गरज नाही कारण ठिपक्यानेच सगळं तोलून धरलंय. नंतर मोवाडो कंपनीने त्याच धर्तीच्या कितीतरी घड्याळांवर आपलं नाव छापलंच, तो धंदा झाला. शाफहाउजनची मोझर म्हणून कंपनी आहे, त्यांची कॉन्सेप्ट मालिका बघा, डायलवर नाव नाही आकडे नाहीत, नुसता रंग, पण तो रंग असा की मध्यातून कडेकडे गडद होत जातो, म्हणजे रिकामं नाहीच ते. याच मोझरने २०१७ ला घड्याळांवरचं 'स्विस मेड' पण काढून टाकलं, नियम ढिला आहे म्हणून (साठ टक्के किंमत स्विस असली की पुरे), आणि निषेध म्हणून चक्क चीज वापरून केस बनवली. चीजचं घड्याळ! मी चार वेळा वाचून खात्री केली.

तुमच्या बाबतीत अजून एक. देवनागरी आहे त्यावर. 'एच एम टी' आणि 'जनता' दोन्हीला शिरोरेघ आहे, त्या दोन आडव्या रेघा गोल डायलमध्ये किती छान बसतात ते जरा डोळे बारीक करून बघा. इंग्रजी अक्षरांना ते जमत नाही. देवनागरी नाव असलेली घड्याळं आहेतच किती, आणि तुम्ही ते पुसायला निघालात!

राईनकाठी

मी कोऱ्याच्या बाजूने, आणि नुसता बोलत नाही, हातात आहे. गेली आठ वर्षं कार्ल्सरूहला राहतो, इथून फोर्त्सहाइम जवळ, घड्याळांचं आणि दागिन्यांचं गाव. तिथल्या परिसरात स्टोवा म्हणून कंपनी आहे, त्यांच्या फ्लिगर (म्हणजे वैमानिकाच्या) घड्याळात नाव नको असेल तर बिननावाचं डायल मिळतं, मी तसंच घेतलं.

त्याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वायुदलाच्या नॅव्हिगेटरसाठी ५५ मिलिमीटरची अवाढव्य घड्याळं बनवली, कोटाच्या बाहीवरून बांधायची. बनवणाऱ्या पाच कंपन्या, आयडब्ल्यूसी, लांगे, स्टोवा, वेम्पे आणि लाको, पण डायल सगळ्यांचं ठरवून दिलेलं आणि त्यावर कुणाचंच नाव नाही. अंधाऱ्या विमानात माणसाला वेळ हवी, कंपनी नाही. बाराला त्रिकोण आणि दोन ठिपके, म्हणजे वर कुठे ते एका नजरेत कळावं. (इतिहास कुणासाठी बनवली म्हणून जरा कडवट आहे, ते मान्य, मलाही घेताना दोनदा वाटलं.)

@अक्षरवेडा म्हणतात ते मात्र खरंय, नावाचं काम तो त्रिकोण करतो. आणि खरं सांगायचं तर तो त्रिकोणच आता लोगो झालाय, घड्याळवाले लोक लांबून ओळखतात. न ओळखणारे दोनच भेटले. एक आमच्या इथल्या गणपतीत एक काकू, हात धरून नीट निरखून म्हणाल्या, "अरे इतकं महाग जर्मनीत राहतोस आणि बिनकंपनीचं घातलंयस?" दुसरी माझी बायको, तिला किंमत कळल्यावर.

तरी रोज बघायला छान वाटतं. नजर थेट काट्यावर जाते.

टोकियोकर

नाव असावं की नसावं यापेक्षा कोणतं असावं यावर इकडे जास्त भांडणं झाली. सेकोच्या महागड्या ग्रँड सेको घड्याळांच्या डायलवर वर्षानुवर्षं बाराला 'सेको' आणि सहाला 'ग्रँड सेको' असायचं. २०१७ ला त्यांनी तो वेगळा ब्रँड केला आणि वरचं 'सेको' काढून खालचं नाव वर नेलं. घड्याळ तेवढंच चांगलं, मशीन तेच, पण लाखभर खर्चून घेतल्यावर भावाच्या सेको फाइव्हवरचंच नाव आपल्या हातावर, हे बऱ्याच गिऱ्हाइकांना खुपत होतं म्हणे. माझ्याकडे २०१७ च्या आधीचं आहे, वर सेकोच. भारतात आलो की कुणी वळून बघत नाही, लोकलमध्ये बिनधास्त घालतो. हा नावाचा फायदाच समजा.

काटेकोर

परत आलो. वर मस्करी केली पण माझ्या हातात कॅसिओ एफ-९१डब्ल्यू आहे आणि त्याच्या तोंडावर इतकं लिहिलंय की वर्तमानपत्र वाटावं. कंपनीचं नाव, मॉडेल, अलार्म, क्रोनोग्राफ, वॉटर रेझिस्ट. आणि एवढं छापूनही खरं खोटं ओळखायचं तर उजवीकडचं बटण तीनेक सेकंद दाबून धरायचं, मग स्क्रीनवर आकड्यांच्या जागी कॅसिओ उमटतं. म्हणजे गिरगावकरांच्या त्या ब्रेगेचीच युक्ती, हजार रुपड्यात.

बिंदूचौक

सगळ्यांचं वाचलं. मी कोल्हापुरात घड्याळं दुरुस्त करतो, वडील करायचे, आता मी. जर्मनी जपान मला माहीत नाही पण जनता मी पोत्याने उघडलेत म्हणून लिहितो.

भावा पहिलं सांग, काच बदललीस का? जनताची काच काच नसते, प्लॅस्टिक असतं, ऍक्रिलिक. चाळीस वर्षांत ती पिवळी पडते, वरून ओरखडे, आणि आतल्या बाजूनं वाफेचा थर बसतो. त्यातनं डायल बघितलं की सगळंच डागाळलेलं दिसतं. गिऱ्हाइक डायल बदलायला येतंय आणि मी काच काढून दाखवतो तवा गप्प बसतंय. निम्मे डाग काचेचे असतात. ते गेल्यावर राहिलं ते बघून ठरव.

दुसरं, रिप्रिंट म्हणजे काय करतात तुला माहीत आहे का. जुन्या डायलवरचा सगळा मुलामा केमिकलनं खरवडून काढायचा, नागडा पत्रा करायचा, त्यावर रंग मारायचा आणि छापायचं. आकडे पण जातात, रेघा पण जातात, नाव एकटंच जात नाही. आणि एकदा गेलं की परत येत नाही. कोरं पाहिजे म्हणतोस ते कोरं तुझ्या वडलांच्या डायलचं राहत नाहीच, नुसता पत्रा त्यांचा. डायलच्या मागं दोन पाय असतात, बारीक खिळे, ते मशीनच्या भोकात बसतात. हलगर्जी माणसानं काम केलं की पाय मोडतो, मग डायल चिकटवतात, मग सेकंदकाटा घासायला लागतो आणि मग घड्याळ माझ्याकडं येतं.

ओल्या कापसानं डाग पुसू नको. ते अक्षर आधीच सुटलंय, 'जन' पण निघून येईल. नुसतं ब्लोअरनं धूळ उडवायची. मशीन खोलून साफ कर, ऑइलिंग कर, नवी काच, मागच्या कव्हरचं वायसर बदल. मिनिटभर पुढं पळतंय ते पण जाईल.

नावाचं मला विचारशील तर मला लागतं बाबा. रोज तीस घड्याळं येतात, डबीत ठेवून चिठ्ठी लिहितो, काय लिहू, पांढरं गोल? मशीनवर असतं नाव पण ते उघडल्यावर. एकदा एक बाई नवऱ्याचं घड्याळ न्यायला आल्या, पावती हरवलेली, म्हणाल्या सोनेरी पट्टा आहे. सोनेरी पट्ट्याची अकरा होती.

अक्षरवेडा

'काय लिहू, पांढरं गोल' 😂 बिंदूचौक, तुम्ही एवढं लिहिलंत ते आमच्या सगळ्यांच्या ज्ञानापेक्षा कामाचं.

चावीवाला

+१. काच बदलायची नसेल तर ऍक्रिलिकवरचे ओरखडे टूथपेस्ट लावून मऊ कापडाने दहा मिनिटं घासले तरी बरेच जातात, पण आतला थर असेल तर बदलाच. आणि ते सेको छापून देणारं दुकान, त्याचं नाव इथे टाकू नका पण लक्षात ठेवा.

सातारीचहा

अपडेट देतो, तीन आठवडे झाले. दुसरे एक वयस्कर घड्याळवाले काका सापडले पोवई नाक्याजवळ, त्यांना बिंदूचौक यांचं उत्तर मोबाईलवर वाचायला दिलं, ते पूर्ण वाचून म्हणाले "बरोबर लिहिलंय, ठेवून जा."

काच काढल्यावर मला जरा लाजच वाटली. चार ते सातचा डाग खरा आहे, पण आधी वाटत होता त्याच्या एक तृतीयांश. बाकी सगळं काचेचंच होतं. 'एच एम टी' मधलं 'एच' आता नीट दिसतं, 'टी'ची वरची रेघ दिसते. 'ता' मात्र गेलंय ते गेलंयच. काकांनी मागचं कव्हर उघडून मशीन दाखवलं, त्यावर एचएमटी कोरलेलं स्वच्छ आहे, जसं काल बनवलंय.

डायलला हात लावला नाही. कोऱ्याचं खूळ पूर्ण गेलंय असं नाही, स्वतःसाठी घेईन तेव्हा त्या त्रिकोणवाल्याचा विचार करेन, पण हे बाबांचं आहे. त्यांना काल दिलं. आधी त्यांनी कानाला लावलं, मग चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "काच बदललीस होय? मला वाटत होतं डोळेच गेले." नावाबद्दल विचारलं तर म्हणाले नाव कधी वाचलंच नाही रे, नऊच्या जवळ कडेला चेपलेलं आहे तो एसटीचा दरवाजा लागला होता, त्यावरून ओळखतो. आईने मात्र बघितल्या बघितल्या विचारलं, 'ता' कुठे गेला?

काटेकोर

जन घड्याळ झालं की मग 😄

टोकियोकर

काच आणि सर्व्हिसिंग मिळून किती घेतले हो काकांनी?

सातारीचहा

साडेसहाशे. चहा त्यांनीच पाजला.